तुझ्या गोळ्या, माझं नाव

मिलिंद,

माझ्या किडन्या ठणठणीत आहेत. सोमवारी कंपनीच्या डॉक्टरांनी रक्त घेतलं, बुधवारी रिपोर्ट आला. रिपोर्ट हातात देताना ते म्हणाले, "नशीबवान आहात दत्तात्रय, एवढ्या गोळ्या खाऊनही काही झालं नाही." मी "हो साहेब" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? आपल्या खात्यातल्या प्रथमोपचार पेटीच्या रजिस्टरात गेल्या तीन महिन्यांत दुखण्याच्या एकेचाळीस गोळ्या माझ्या नावावर आहेत. त्यातली एकही माझ्या पोटात गेलेली नाही. हे फक्त तुला आणि मला माहीत होतं, आणि तुला जाऊन आज बारा दिवस झाले.

उद्या रविवार. उद्या विहारात तुझं पुण्यानुमोदन आहे. भंतेजी वंदना घेतील, मग एकेक जण उठून तुझ्याबद्दल बोलेल. बोलणाऱ्यांत वहिनींनी पहिलं नाव माझं लावलंय. मी दोन दिवस कागद घेऊन बसतोय. "मिलिंद दिलदार माणूस होता" एवढं लिहितो आणि पुढं पेन चालत नाही. दिलदार तर तू होतासच, पण ते सांगायला बाकीचे आहेत.

तुला खांदा दिला तेव्हा पुढून डाव्या बाजूला मी होतो. तयारीनं उभा राहिलो, कारण तुझं वजन मला पाठ आहे. सत्तावीस वर्षांपूर्वी भोसरीच्या खोलीत तापानं फणफणलेल्या तुला पाठीवर टाकून दवाखान्यात नेलं होतं, तेव्हा मधे तीनदा टेकवावा लागला होतास. या वेळी उचललं तर झटकन वर आलास. शेजारचा माणूस हळूच म्हणाला, "लय कमी केलं होतं ओ वजन त्यांनी." मला त्याचा इतका राग आला की विचारू नकोस. त्याची काय चूक होती? तीन महिने अख्खी कंपनी तुला हेच म्हणत होती, आणि तू कॉलर ताठ करून ऐकून घेत होतास.

सुरुवात त्या पट्ट्यापासून झाली. बावीस वर्षं तू छताजवळच्या क्रेनवर चढलास. खाली टनावारी लोखंड इकडून तिकडं जायचं आणि वर गर्डरवर तू, कमरेला सेफ्टी बेल्ट आणि खांद्यावर हत्यारांची पिशवी. यंदाच्या तपासणीत वजन भरलं एकशे दोन. बीपी वाढलेलं. सेफ्टीच्या साहेबांनी बेल्टची पट्टी उलटी करून तुझ्यासमोर धरली. शंभर किलो, असं छापलेलं होतं. "हत्यारं धरून शंभर, मिलिंदराव. उंचावर चढायचा हाइट पास मी तुम्हाला देऊ शकत नाही. तीन महिन्यांनी परत या." तोवर तुला स्टोअरच्या खिडकीत बसवलं.

मला वाटलं होतं, बरं झालं. खाली बसेल, जरा सुखात राहील. पण तू त्या खिडकीत नटबोल्ट मोजून देत होतास आणि कान छताकडं. एकदा डबा उघडलास आणि घास तसाच हातात धरून बसलास. "ऐकलास का? दोन नंबरच्या क्रेनचं डावीकडचं बेअरिंग. बोलायलंय ते. वरच्या पोरांना कळना गेलंय." मी म्हणालो, सांग की त्यांना. तू म्हणालास, "सांगून काय व्हतंय? ते म्हणायलेत, काका, तुम्ही वायसर द्या." आपण सत्तेचाळीस वर्षांचे. तोवर तुला कंपनीत कुणी काका म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तू पळायला लागलास. चालायला नाही, थेट पळायला. त्या आधी तू शेवटचा पळाला होतास तो बस सुटत होती म्हणून. भर उन्हाळ्यात अंगात रेनकोट, आत पोटाला प्लास्टिक गुंडाळलेलं. भोसरीच्या तळ्याभोवती तुझे सहा फेरे आणि माझे दोन, तेही चालत. रेनकोट काढलास की बाहीतून पाणी गळायचं. ते पाणी दाखवून तू म्हणायचास, "बग, चरबी." मी म्हणायचो, "घाम आहे तो, गाढवा. पाणी पी." तू चूळ भरून थुंकायचास, कारण पाणी प्यालं की काटा पुढं सरकतो. रात्रीचं जेवण बंद केलंस, मग सकाळचंही. दुपारी काकड्या.

त्याच आठवड्यात कंपनीत व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या, आठवतं? सगळ्यांना खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठायला-बसायला लावलं. म्हणाल्या, चाळिशीनंतर वजन उतरवायचं तर आधी मांड्या मजबूत करा, नाहीतर सगळा भार गुडघ्यावर येतो. आधी चाला, मग भरभर चाला, पळायचं शेवटी. महिन्याला दोन किलो उतरले तरी पुष्कळ. पोटभर पाणी, डाळ, उसळ, अंडी, आणि झोप. मी ते मनावर घेतलं. रोज बसच्या आधी ओट्याजवळच्या खुर्चीवर उठबस करत होतो. तू एकदा आलास आणि दारातच हसत सुटलास. "राव, शाळेत मास्तरनं काढायला लावल्या न्हाईत तेवढ्या उठाबशा आता काढायलास!" बायकोही हसली. मी चिडलो. तीन महिन्यांत माझे पाच किलो उतरले आणि गुडघा दुखला नाही. हे तुला ऐकवायचं राहिलं. ऐकवलं असतं तरी तू म्हणाला असतास, पाच किलोत कुठला पास मिळतोय.

तिसऱ्या आठवड्यात तुझा उजवा गुडघा गेला. तळ्याच्या कठड्यावरून उडी मारलीस आणि खालीच बसलास. संध्याकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा झाला. हाडाच्या डॉक्टरांनी सांगितलं, सहा आठवडे पळणं बंद, बर्फ लावा, मग हळूहळू व्यायाम. तू बाहेर आलास आणि बोटांवर आठवडे मोजलेस. त्यावरून आपलं सगळ्यात मोठं भांडण झालं, ते अजून मिटलेलं नाही.

मी म्हणालो, "क्रेन आवाज करायला लागली की तू प्रोडक्शनच्या साहेबाला शिव्या घालून क्रेन बंद करतोस. आधी बंद, मग बोलू, असं कोण म्हणतं? तूच ना? मग स्वतःचा गुडघा वाजतोय तर का पळवतोस?"

तू म्हणालास, "क्रेनला दुसरी क्रेन न्हाई म्हणून सगळे थांबतेत. माझ्या जागी पोरगं उभंय वर. माझ्यासाठी कोण थांबायलंय?"

मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. आता सुचतं, रोज नवीन सुचतं. तुझ्या घरात दोघं जण थांबले असते, तिसरा मी होतो. हे एवढं साधं तोंडातून बाहेर पडलं नाही माझ्या.

पेटीची किल्ली माझ्याकडं. दोन दिवसांचं ट्रेनिंग आणि दंडाला हिरवी पट्टी, म्हणून मी प्रथमोपचारवाला. गोळी द्यायची तर रजिस्टरात नाव, तक्रार आणि सही घ्यायची. तू पहिल्यांदा मागितलीस तेव्हा नाही म्हणालो. दुसऱ्यांदाही नाही म्हणालो. तिसऱ्या दिवशी तू स्टोअरपासून पेटीपर्यंत भिंतीला धरत आलास. मी किल्ली काढली. रजिस्टर पुढं केलं तर तू हात मागं घेतलास.

"माझं नाव कामून टाकायलास? सेफ्टीवाल्यानं बगितलं तर पास देईल का मला? रोज दुखण्याची गोळी खाणारा माणूस वर कोण चढवंल?"

"मग कुणाचं टाकू?"

"तुझं टाक की. तुला कुठं वर चढायचंय?"

आणि मी लिहिलं. दत्तात्रय, पाठदुखी, सही. माझी पाठ दुखतेच अधूनमधून, त्यामुळं ते पहिल्या दिवशी खोटंसुद्धा वाटलं नाही. पाठ दुखते म्हणून मी स्वतः कधी गोळी घेत नाही, पोट बिघडतं. पुढं तू यायचास, मी किल्ली लावायचो, तू पाण्याशिवाय गोळी गिळायचास आणि मी सही करायचो. सुटीच्या दिवसाच्या तू मेडिकलमधून आणायचास, हे मला नंतर कळलं. बीपीची गोळी वहिनी रोज सकाळी हातावर ठेवायच्या, ती वेगळीच. उपाशी पोट, अंगात पाणी नाही, वरून या दोन गोळ्या, की किडन्या बसतात. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नंतर मला हे असंच्या असं मांडून दाखवलं. दोन दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये मला रक्त थांबवायला शिकवलं होतं, हे नव्हतं शिकवलं. पण पेटीच्या झाकणाच्या आत कागद चिकटवलाय, लागोपाठ तीन दिवस दुखलं तर डॉक्टरकडे पाठवा. तो मी रोज वाचत होतो.

तुला पास मिळाला तो दिवस मला कुणी हिरावून घेऊ नये असं वाटतं. सत्त्याऐंशी किलो! तू काट्यावरून उतरलास आणि भर वर्कशॉपमध्ये मला उचललंस. वहिनींनी पेढ्याचा बॉक्स पाठवला होता. तू वर गेलास, दोन नंबरची क्रेन बंद करायला लावलीस, कान लावून ऐकलंस आणि वरून ओरडलास, "दत्ता! डावंच हाय!" सगळं शॉप वर बघत होतं. मला इतका आनंद झाला की रजिस्टरातल्या त्या सगळ्या सह्या मी त्या क्षणी विसरलो. खोटं कशाला बोलू, मला स्वतःचा अभिमान वाटला. माझ्यामुळं तू वर होतास.

नऊ दिवस तू वर होतास. सातव्या दिवशी मी पाहिलं की तू बुटांच्या नाड्या न बांधताच फिरतोयस. पाय सुजले होते. डोळ्यांखाली पिशव्या. डबा परत नेत होतास. "ॲसिडिटी हाय रे, उन्हाचं." मी तुला दोन शिव्या दिल्या, दवाखान्यात जा म्हणालो, आणि माझ्या कामाला गेलो. धरून न्यायला हवा होतास. तुझ्यापेक्षा मी तेव्हा तीन किलोंनीच कमी होतो, धरला असता तर आला असतास.

आता ते सांगतो जे तुला माहीतच आहे. दहाव्या दिवशी दवाखान्यात, तुझ्या खाटेपाशी, डॉक्टर फाइल घेऊन उभे होते. लघवी बंद झाली होती तुझी. त्यांनी विचारलं, "दुखण्याच्या गोळ्या वगैरे घेत होते का हे?" वहिनी ताडकन म्हणाल्या, "नाही हो डॉक्टर. बीपीची सोडून घरात एक गोळी नाही. मी स्वतःच्या हातानं देते." मी वहिनींच्या मागं उभा होतो. तू माझ्याकडं बघितलंस आणि मान हलवलीस. एवढीशी. वहिनींना दिसली नाही, डॉक्टरांना दिसली नाही. तुला अजूनही पासची काळजी होती, की माझ्या नोकरीची, की वहिनी रागावतील याची? मला तू हे सांगायला हवं होतंस. मी तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांना जिन्यात गाठून सांगितलं. त्यांनी पेन खिशात ठेवलं. "काल का नाही सांगितलंत?" मी विचारलं, "काल सांगितलं असतं तर फरक पडला असता का?" तेवढ्यात कुणीतरी हाक मारली आणि ते वर गेले. तोपर्यंत तुला डायलिसिसच्या मशीनवर घेतलं होतं. पुढचे चार दिवस ते मला अनेकदा भेटले, मी परत विचारलं नाही आणि त्यांनीही विषय काढला नाही.

तर आज दुपारी मी तुझ्या घरी गेलो. उद्याच्या खुर्च्यांचं विचारायला, असं बायकोला सांगून निघालो. वहिनी पांढऱ्या साडीची घडी घालत होत्या. मुलगा विहारात गेला होता. मी बसलो नाही. बसलो असतो तर बोलणं झालं नसतं.

सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "किती?"

"पेटीतल्या एकेचाळीस. बाहेरच्या वेगळ्या."

त्या घडी घालतच राहिल्या. साडी कधीच घडी झाली होती, तरी परत उलगडून घालत होत्या. मग म्हणाल्या, "मी अंगणवाडीत दर महिन्याला पोरांची वजनं करते, भाऊजी. एखाद्याचं वजन असं झपाट्यानं उतरलं तर त्याच दिवशी त्याच्या आईला घेऊन दवाखाना गाठते. ह्यांचं पंधरा किलो उतरलं, आणि मी पेढे वाटले."

मी म्हणालो, वहिनी, तुमचा काय दोष.

"माझा दोष काढायला मी समर्थ आहे. तुमचं बोला. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुम्ही माझ्या मागं उभे होता."

"हो."

"मी छातीठोकपणे नाही म्हणाले, ते ऐकलंत."

"हो. त्यानं मान हलवली, वहिनी. नको सांगू म्हणून."

"आणि तुम्ही ऐकलंत त्यांचं."

मिलिंद, तुझी बायको कधी आवाज चढवत नाही हे तू कौतुकानं सांगायचास. आज ते कौतुक मला कळलं. मला वाटलं, आता त्या म्हणतील, चालते व्हा. म्हणाल्या असत्या तर मी सुटलो असतो.

त्यांनी विचारलं, "तुमच्या पेटीतनं अजून कोण कोण रोज गोळ्या नेतं?"

मला उत्तर माहीत होतं. तुझं बघून तिघांनी रेनकोट घेतलेत. पुढच्या महिन्यात त्यांची तपासणी आहे. त्यातला एक तर मागच्या आठवड्यात, तू गेल्यावर, गुडघ्याला रुमाल बांधून माझ्याकडं आला होता. मला म्हणाला, "मिलिंदभाऊंना देत होता तसं." म्हणजे कुणाला माहीत नव्हतं असं आपणच समजत होतो. मी त्याला घालवून दिलं, पण का ते सांगितलं नाही.

"रोज कुणी नाही. पण तिघं त्याच वाटेवर आहेत," मी म्हणालो.

"मग उद्या उभं राहून हेच बोला. जसं मला सांगितलंत तसंच. दिलदार होते, हसतमुख होते, ते मला माहीत आहे."

"कंपनीचे साहेब येणार आहेत, वहिनी. सेफ्टीचे, डॉक्टर, सगळे."

"म्हणूनच उद्या बोला."

त्यांनी पाणी विचारलं नाही. मी चपला घालत होतो तेव्हा म्हणाल्या, "गॅलरीत तो रेनकोट लटकतोय. वरच्या दोरीवर. माझा हात पोचत नाही आणि मुलाला सांगवत नाही. तेवढा नेता का?" मी काढला. आतून अजून पांढरी मिठाची रेघ आहे त्याला, काखेपासून खिशापर्यंत. खिशात गोळ्यांचं रिकामं पाकीट होतं आणि तुझा हाइट पास, फोटोसकट. फोटोत तू इतका बारीक दिसतोस की मी आधी दुसऱ्याच कुणाचा समजलो.

आता तो रेनकोट समोर टेबलावर आहे. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, नोकरी गेली तर? मी म्हणालो, जाईल कदाचित. तिनं उद्याचा पांढरा शर्ट इस्त्रीला काढला. मला भीती वाटतेय, मिलिंद. साहेबांची वाटते, तुझ्या मुलाची त्याहून जास्त वाटते. तो पहिल्या रांगेत बसणार आणि मला काका म्हणतो. भोसरीच्या खोलीत तू मला स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगला आणि मूठ कानाला लावून ऐकायला शिकवलंस, त्या शिकवणीवर मी आजवर पोट भरलं. उद्या त्या पोरासमोर बापाची गोष्ट सांगताना तेवढाच कान शाबूत राहू दे, माझं काही खोटं वाजलं तर मला कळायला.

तू असतास तर मला खुणावलं असतंस. विहाराच्या दारात उभा राहून, एवढीशी मान हलवून, नको रे दत्ता, जाऊ दे. मला ती मान दिसेल उद्या, मला खात्री आहे. पण एकेचाळीस वेळा मी तुझं ऐकलं, आणि दवाखान्यात बेचाळिसाव्या वेळी. उद्या नाही ऐकणार.